सिंकच्या कोपऱ्यातली चीर

आईच्या पायांना काही जाणवत नाही. साखरेनं ती जाणीव कधीच खाल्ली. "या पायांना जखम झाली तर पाय वाचवणं अवघड," असं सदाशिव पेठेतल्या डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं. तेव्हापासून वाघोलीच्या फ्लॅटमध्ये मी जमिनीवरची टाचणीसुद्धा वेचत फिरायचे. आणि संकट वाढत होतं कुठे, तर ओट्यात!

ग्रॅनाइटला सिंकसाठी भोक पाडलेलं, त्याचे कोपरे टोकदार. सिंकपुढे उरलेली दगडाची पट्टी जेमतेम चार बोटं रुंद. कोपऱ्यातून तिच्यात एक चीर शिरली होती, केसाएवढी. मी कॉलेजात हेच शिकवते. ठिसूळ स्फटिकांत सगळा ताण चिरेच्या टोकाशी एकवटतो. लोखंड निदान वाकून सांगतं, दगड सांगत नाही. चीर बराच काळ हळूहळू सरकते, आणि एका लांबीनंतर क्षणात आरपार जाते.

मी टोकाशी पेन्सिलनं खूण केली. काही दिवसांनी चीर खुणेच्या पुढे. पुन्हा खूण, पुन्हा पुढे.

कारण उघड होतं. दर शनिवारी मारुतीचा नारळ आई त्याच कोपऱ्यावर आपटून फोडायची.

"अगं आई, तिथे नको ना!"

"दगड आहे तो. तुझ्यासारखा नाजूक नाही."

"चिरलाय तो!"

"मग? मीही चिरलेय. उभी आहे ना अजून?"

बोलायची सोयच नाही! शेवटी चिडून मी ओटा बदलणाऱ्याला बोलावलं, तर तोवर घरात गौरी आलेल्या. गौरी बसलेल्या असताना तोडफोड? आईनं त्याला दारातूनच वाटेला लावलं, "विसर्जन झालं की या." मग मी कोपऱ्यावर जाड टॉवेल अंथरला, नारळासाठी गॅलरीत वरवंटा ठेवला आणि तिला दहादा बजावलं.

गौरीजेवणाला घर पाहुण्यांनी भरलं होतं. दारापासून स्वयंपाकघरातून गौरींपर्यंत आईनं आदल्या दिवशी काढलेली कुंकवाची पावलं होती. मी आरतीचं ताट लावत होते. आत नारळ आपटल्याचा आवाज आला. मग आणखी एक, लहानसा, कोरडा. प्रयोगशाळेत नमुना तुटताना येतो तो. पाठोपाठ धप्प.

"आई!"

"ओरडू नकोस, लोक बसलेत," म्हणत ती आलीच. हातात नारळाची भकलं, खांद्यावर माझा टॉवेल. "मोडला एकदाचा तुझा दगड. आता बदल खुशाल. मला काही लागलेलं नाही."

शेजारच्या काकू कौतुकानं म्हणाल्या, "अहो, पावलं किती सुरेख काढलीत! ओलीच आहेत की अजून."

मी खाली पाहिलं. कुंकवाच्या पावलांशेजारून आणखी एक रांग आली होती, एकाच पायाची. ती आईपाशी थांबत होती, आणि आई हसत होती.