जबाब घ्याल, पण मी जाऊ कुठे?

वर्दी उतरवून बराच काळ झाला, पण शारजातल्या एका तरुणीने मला विचारलेला प्रश्न आजही कानातून जात नाही.

तेव्हा मी मानवी तस्करीविरोधी कक्षात होते. खबर वसईहून आली. तिथल्या एका बाईची बहीण शारजाच्या हॉटेलात हाउसकीपिंगला होती. खोली साफ करायला गेली, तर आत कोंडलेली एक अफगाण तरुणी. या बहिणीने मॅनेजरला न विचारता सरळ तिथल्या पोलिसांना फोन लावला आणि तरुणीने सांगितलेलं मीरा रोडच्या एजंटचं नाव वसईला कळवलं. तरुणी युद्धातून जीव वाचवून भारतात आली होती. नोकरीचं आमिष दाखवून एजंटने तिला तिकडे पाठवलं आणि विकलं. पुढे तिच्यावर काय गुदरलं ते इथे लिहिणार नाही.

एजंटला आम्ही उचललं. चौकशीत तो हसायचा. "मॅडम, मी फक्त तिकीट काढलं." तरुणीच्या जबाबाशिवाय तो जामिनावर सुटणार, हे दिसत होतं. दोन्ही देशांच्या परवानग्या घेऊन सुटकेनंतर तिला ठेवलं होतं, त्या शारजाच्या आधारगृहात मी पोचले. वाटलं, बाई अधिकारी बघून ती बोलेल.

तिने मान वर केली नाही. "पुलिस को बताया, डॉक्टर को बताया, वकील को बताया. अब खलास." मग म्हणाली, "बयान लेके आप मुंबई जाओगे. मैं कहाँ जाऊँ, मॅडम?"

अफगाणिस्तानात परतणं म्हणजे मरण. भारतात परतायला कागद नाहीत. शारजातला मुक्काम खटला संपेपर्यंतच. तिची समुपदेशक शारजातच वाढलेली मराठी मुलगी होती. ती म्हणाली, "मावशी, प्रत्येक स्टेटमेंटनंतर तिचे पॅनिक अटॅक वाढतात. नंतर फॉलोअप कोणीच करत नाही."

मी वरिष्ठांना फोन लावला.

"आपण पोलीस आहोत, समाजकल्याण खातं नाही," ते म्हणाले.

"मग जबाबही त्या खात्यालाच घ्यायला सांगा, सर. मी परत येते."

"बरं, काय हवंय तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

काय हवंय ते त्या तरुणीनेच सांगितलं. जबाब एकदाच, व्हिडिओवर, तिच्या भाषेत, दुभाषी बाईसमोर. ती थांब म्हणाली की थांबायचं. उपचार खटल्यानंतरही चालू. आणि दुसऱ्या देशात कायमचा आसरा मिळेपर्यंत इथे राहण्याची लेखी हमी. मी फोनवर भांडत होते, समुपदेशक कचेऱ्यांत ठाण मांडून होती. कोणी "इन्शाल्ला" म्हटलं की ती म्हणायची, "इन्शाल्ला ठीक, पण सहीसुद्धा द्या."

हमी मिळाली आणि तरुणी बोलली. न अडखळता. एजंटची बहीण मीरा रोडला शिवणवर्ग चालवते आणि बायका तिथूनच निवडल्या जातात, हे तेव्हा कळलं. माझ्या पथकाने छापा घातला, तेव्हा आणखी काही जणी बॅगा भरून विमानतळाकडे निघायच्या तयारीत होत्या. एजंटचं हसणं त्या दिवशी बंद झालं.

खटल्यात ती शारजातून पडद्यावर हजर राहिली. बचाव पक्षाचा वकील म्हणाला, सगळं पहिल्यापासून सांगा. ती शांतपणे म्हणाली, "वो रेकॉर्ड में है. नया सवाल हो तो पूछिए." वकील खाली बसला. भावाबहिणीला शिक्षा झाली.

हल्ली नव्या अधिकाऱ्यांना शिकवायला जाते, तेव्हा एखादा म्हणतोच, "मॅडम, राहण्याची सोय, उपचार हे आपलं काम नाही." मी सांगते, तिला आधी छप्पर आणि डॉक्टर मिळाला, म्हणून आरोपी तुरुंगात गेले. आपण तिच्यावर उपकार केले नाहीत. ज्याला हे आपलं काम वाटत नाही, त्याने वर्दी काढून ठेवावी.