नाव तेवढं लिहिलं नव्हतं

“वकीलबाई, मी नाय येत आता कोर्टात,” माझी अशील फोनवर म्हणाली. तिला इथं नुसतं ताई म्हणते. “जीपमधी चढले तं सगळी गप झाली.”

दुसऱ्या दिवशी तिची उलटतपासणी होती. म्हणजे नवऱ्याचा वकील तिला प्रश्न विचारणार. ती उभीच राहिली नाही, तर आधीची साक्ष वाया. केस मारहाणीची. घरातलं सगळं बोलावं लागणार, म्हणून न्यायाधीश मॅडमनी सुनावणी इन-कॅमेरा ठेवली होती. यात कॅमेरा नसतो. दार बंद करायचं, दोन्ही बाजू तेवढ्या आत. छापायचं काही नाही, असाही आदेश होता.

तरी छापून आलं. मोखाड्यात एक पत्रकार आहे. मोटारसायकलवर पुढं ‘प्रेस’, मागं ‘प्रेस’, मधे हा. त्याचं पोर्टल म्हणजे तो आणि त्याचा मोबाईल. आत सोडलं नाही, म्हणून तो बाहेर ताईच्या दिराचा चहा पीत बसला. संध्याकाळी बातमी आली. महिलेचं नाव गुप्त. पाडा मात्र लिहिलेला, आणि तिचं कामही. ते काम त्या पाड्यात एकटी तीच करते. कोणतं ते मी लिहिणार नाही, नाहीतर त्याच्यात नि माझ्यात फरक काय?

आमच्या डोंगरात नावानं कोण ओळखतं? पाडा नि काम सांगितलं की माणूस डोळ्यांपुढं उभा. बाजारात मीसुद्धा ‘सूर्यमाळकडची वकीलीण’. घरातली पहिली ग्रॅज्युएट मी. सनदेवर नाव आहे, आणि ते वाचायला माझा बाप येणाऱ्या-जाणाऱ्याला भिंतीपुढं उभा करतो.

मी पत्रकाराला फोन केला.

“मॅडम, आम्हाला कायदा शिकवू नका,” तो म्हणाला. “नाव कुठंय, दाखवा.”

मी सकाळी अर्ज दिला. मॅडमनी त्याला बोलावणं धाडलं. ताईला मी रात्रीच सांगून ठेवलं होतं, उद्या आधी त्याला उभा करायचाय, बघायला तरी ये. ती आली. सोबत पाड्यातल्या चार बाया.

पत्रकार इस्त्रीचा शर्ट घालून हजर. नाव छापलंच नाही, हे त्यानं दोनदा सांगितलं. मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं.

“बातमी वाचून ‘ही बाई कोण’ असं विचारायला तुम्हाला किती फोन आले?”

“एकही नाही, मॅडम,” तो छाती काढून म्हणाला.

“का नाही आला?”

मागच्या बाकावरची एक बाई फिसकन हसली. तेव्हा त्यानं मागं बघितलं. इतर तारखांना आलेल्या माणसांनीही बाकं भरली होती.

“मॅडम,” तो हळूच म्हणाला, “माझं हे दार लावून घेतलं तर? मला गावात तोंड दाखवायचंय.”

“दार उघडंच राहू दे,” मॅडम शिपायाला म्हणाल्या.

बातमी त्यानं तिथंच मोबाईलवरून काढून टाकली. आदेश मोडल्याचा लेखी खुलासा मागितला गेला. मग त्याच्यासकट सगळे बाहेर, आणि दार बंद. ताई उलटतपासणीला उभी राहिली. प्रश्न वाईट होते. आत काय झालं ते आतच. पुढं निकाल तिच्या बाजूनं लागला, एवढं सांगता येतं.

पोर्टलवाल्यांना माझं एकच सांगणं. बाई कोण, हे एकानंही विचारलं नाही, तर खूश होऊ नका. तुम्ही सांगून मोकळे झालेले असता.