शीलानं आवरलेली खोली

शीलाचं अन् माझं घर भिंतीला भिंत लागून. पडेगावात ही घरं बांधली तेव्हापासूनचा शेजार. मी गोजरबाई, अंगणवाडीत बावीस वर्षं सेविका, म्हणून लेकरांच्या पसाऱ्याला मी भीत नाय. पण तिच्या आतल्या खोलीत पहिल्यांदा पाय टाकला अन् पायाखाली रबरी बदक किंचाळलं, तेव्हा मीच दचकले. म्हणलं, अगं बाई, घर हाय का जत्रेतलं दुकान?

लेक एकच, राजनंदिनी, सात वर्षांची. खेळणी दहा जणींची. खुळखुळे, पांगुळगाडा, दोन बाबागाड्या, नऊ बाहुल्या, मामानं दिलेली बॅटरीची मोटार, तिचंही एक चाक गायब. पोरगी खेळते कशाशी, तर खडू अन् पाटीशी. बाकीचं नुसतं धूळ खातं.

टाकत का नाय म्हणाल, तर सासू. सुगंधाबाई. नवऱ्यामागं मेंढरं घेऊन रानोमाळ हिंडलेली बाई. अख्खा संसार एका घोड्यावर लादत होते, असं स्वतःच सांगते. अन् आता पक्कं घर मिळालं तर सुतळीचा तुकडा टाकू देत नाय. त्यात लेकराच्या वस्तूची तर गोष्टच न्यारी. तिच्या सासूनं तिला सांगून ठेवलेलं, पहिल्या लेकराची वस्तू दुसरं होईस्तोवर उंबऱ्याबाहेर द्यायची नाय, दिली की कूस रुसते. झालं! चार वर्षं ती खोली धाकट्याची वाट बघत बसलेली.

शीला चितेगावची. गणितात बी.एस्सी., वर बी.एड. लग्नाआधी शाळेत शिकवायची. औंदा जूनपासून त्या खोलीत आठवी ते दहावीच्या पोरांचा गणिताचा वर्ग घ्यायचा तिनं ठरवलं होतं. नऊ पोरं तयार होती. जागा तेवढी पाहिजे होती. मला म्हणायची, "काकू, दिवसातले दोन तास तरी मला कुणीतरी बाई म्हणून हाक मारावी. नायतर माझं डोकं फिरंल."

आता खरी गोम सांगते. दुसरं लेकरू होणारच नव्हतं. राजनंदिनीच्या वेळी शीला मरता मरता वाचली, डॉक्टरांनी पुन्हा नको म्हणून बजावलं. तेव्हा अंगदनं, तिच्या नवऱ्यानं, गुपचूप स्वतःची नसबंदी करून घेतली. भला माणूस, मी नाय म्हणत नाय. पण त्याच दिवशी त्यानं शीलाचा हात लेकीच्या डोक्यावर ठेवून शपथ घातली, आईला कळता कामा नये, गावात तोंड दाखवायला जागा राहायची नाय. त्याची इज्जत राहिली अन् हिच्या गळ्यात धोंड पडली. लेक तीन वर्षांची झाली तेव्हापासून सासू हिला वैद्याकडं नेते, सोमवार धरायला लावते, कडू काढे पाजते. अन् ही पिते! एकदा काढा पिऊन माझ्या मोरीत ओकली, तेव्हा रडत रडत सगळं सांगितलं. मी म्हणलं, फेक ती शपथ उकिरड्यावर. तर म्हणते, लेकीच्या डोक्यावर हात हाय काकू, भ्या वाटतं.

मे महिन्यात सुगंधाबाई भाचीच्या लग्नाला अजिंठ्याकडं गेली, चार दिवसांसाठी. आम्ही पदर खोचले. मी मंडईतून फळांचे रिकामे क्रेट आणले. अंगणवाडीची रीत साधी असती. एका क्रेटात एकाच जातीचं खेळणं, क्रेट लेकराच्या हाताला येईल असा, अन् वर त्या खेळण्याचं चित्र. चित्रं राजनंदिनीनं काढली. तिच्या वयाचं सगळं चार क्रेटांत मावलं. तान्ह्या लेकराचं होतं ते तीन गोण्यांत बांधलं, माझ्या अंगणवाडीसाठी. अंगदनं गोण्या उचलून वट्ट्यावर नेल्या. आई आली की खरं काय ते मी सांगतो तिला, म्हणला. चार वर्षं हेच म्हणतोय.

खिडकीजवळची सगळी जागा मोकळी झाली. शीला तिथं मांडी घालून बसली, फळा कुठं लावायचा ते हातानं दाखवायला लागली. लई दिवसांनी तिला हसताना बघितलं. मलाच भरून आलं.

अन् सुगंधाबाई एक दिवस आधीच आली.

वट्ट्यावरच्या गोण्या तिनं सोडल्या. मला वाटलं आता घर डोक्यावर घेणार. कशाचं काय, म्हातारी खूश. धाकट्याचं सारं निवडून येगळं काढलंस, लई बेस केलंस, म्हणली. अन् एकेक गोणी स्वतः ओढत नेऊन खिडकीजवळच्या जागेत लावली. वर बाबागाडी. आम्ही दोन दिवस राबलो ते जणू तिच्याच कामाला. मग म्हणली, लग्नात एका वैद्याचा पत्ता लागलाय, हातगुण चांगला हाय, येत्या सोमवारी शीलाला घेऊन जाते.

शीलानं नवऱ्याकडं बघितलं. तो खुर्चीत चहा पीत होता. मी पण बघत होते, आता तरी बोल रे बाबा.

"जा की आईसंगं," अंगद म्हणला. "एका दिवसाचं तर काम हाय."

माझं टाळकं सरकलं. सगळं जिभेवर आलं होतं, पण शीलानं माझं मनगट घट्ट धरलं. मग ती सासूला म्हणली, "येते मी. पण ह्यांनाबी संगं घेऊ, आई. दोघांनाबी तपासू द्या."

शपथ न मोडता बोलता येईल तेवढं ती बोलली होती. अंगदचा कप हातातच राहिला.

सुगंधाबाई हसली. "येडी का काय? गड्याला काय तपासायचं असतं? खोट बाईतच असती."

अंगदनं मोबाइल काढला अन् मान खाली घातली. राजनंदिनी दारात उभी राहून सगळं ऐकत होती. मी चपला घातल्या अन् घरी आले, नायतर माझ्या हातून काहीतरी झालं असतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शीलाचा फोन वाजला. भिंत पातळ, सगळं ऐकू येतं. नऊ पोरांतल्या एकाची, ऋतुराजची आई होती, वर्ग कोणत्या तारखेला सुरू होणार म्हणून विचारत असावी.

"नाय जमायचं ताई औंदा," ती म्हणली. "घरात तान्ह्या लेकराचं सामान हाय. जागा नाय."