खडूची रेघ

आमच्या नाट्यसंस्थेच्या स्मरणिकेत आजवर तीनदा छापून आलं आहे, की त्या नाटकातली चपराक खरी बसली, कारण बायकोचं काम करणारी मुलगी वेळेवर मागे सरकली नाही. तिन्ही वेळा तो लेख माझा होता. ते खोटं आहे.

चपराक कशी मारायची ते तिनंच बसवलं होतं. तालमीच्या हॉलमध्ये फरशीवर खडूनं दोन रेघा आखायच्या, एक माझ्या पुढच्या पायाची, एक तिच्या टाचेची. दोघं आपापल्या रेघेमागे उभे राहिलो, की माझा हात तिच्या गालापासून वीतभर लांबून जायचा. तिनं पदराचं टोक धरलं की मी हात उचलायचा, त्याआधी नाही. आवाज ती काढायची, पदराआड टाळी वाजवून, आणि लगेच मागे सरकायची. त्यानंतर नवऱ्याला पश्चात्ताप होतो आणि तो तिला जवळ घेतो. तिथेही माझे हात कुठे टेकायचे ते तिनंच ठरवून दिलं. एक खांद्यावर, एक कोपरावर.

"यापेक्षा जास्त पश्चात्ताप नको," ती म्हणाली होती. सगळे हसलो होतो. दोन महिन्यांच्या तालमीत चपराकेच्या वेळी तिला माझं नखही लागलं नाही.

स्पर्धेतला आमचा प्रयोग दुपारचा होता. रंगमंचावरही तिनं त्याच दोन रेघा आखून घेतल्या होत्या. तिसऱ्या अंकाआधी दिग्दर्शकांनी मला विंगेत गाठलं.

"तुमची ती टाळी शेवटच्या रांगेला टाळीच वाटते. आज लागू दे. तिला सांगू नकोस, तरच चेहऱ्यावर येईल."

मी "बरं" म्हणालो. मला अभिनयाचं बक्षीस हवं होतं. दिग्दर्शक आता हयात नाहीत, पण असते तरी हात माझाच होता.

तिनं पदराचं टोक धरलं. मी रेघेपुढे एक पाऊल टाकलं आणि मारलं. प्रेक्षागृहातला खोकलासुद्धा थांबला. तिनं पुढचं वाक्य घेतलं, एकही शब्द न चुकता. मग मी तिला जवळ घेतलं, एक हात खांद्यावर, एक कोपरावर, ठरल्याप्रमाणे.

"कानात शिट्टी वाजतेय रे," ती माझ्या शर्टात तोंड लपवून कुजबुजली.

मी ऐकलं आणि माझं पुढचं वाक्य म्हणालो.

अंक संपला, दिवे गेले. सगळे आत जात असताना मी मागे राहिलो आणि तिच्या टाचेची रेघ चपलेनं घासून पुसली.

रंगपटात ती एवढंच म्हणाली, "तुझा हात लागला."

"तू रेघेमागे नव्हतीस. जाऊन बघ हवं तर."

ती कानावर हात दाबून पुन्हा रंगमंचावर गेली. परत आली तेव्हा तिचा चेहरा पडलेला होता. "पुसली गेलीय. माझाच पाय पडला असेल. सॉरी हं."

बक्षीस मला मिळालं. तिच्या डाव्या कानाचा पडदा फाटला होता, त्या कानानं तिला पुढे कधी ऐकू आलं नाही. पण इतकंच झालं नाही. नंतरच्या प्रयोगांत ती पदर धरायची आणि मी हात उचलायच्या आधीच डोळे मिटून मागे जायची. तीन प्रयोग असे झाले. "हिच्याच्यानं होत नाही आता," दिग्दर्शक म्हणाले आणि काम दुसरीला दिलं. ती पुन्हा रंगमंचावर आली नाही. आमच्या सगळ्यांत तीच खरी नटी होती.

गेल्या महिन्यात संस्थेनं नव्या मुलांसाठी शिबिर घेतलं. मारामारीचे आणि जवळिकीचे प्रसंग सुरक्षित कसे करायचे हे शिकवायला तिशीतली एक बाई आली होती. मार खाणाऱ्यानंच अंतर ठरवायचं, खूणही त्यानंच द्यायची, हे ती करून दाखवत होती. आमच्याकडेही असंच होतं, असं म्हणत मी उठलो आणि चपराकेचा तो किस्सा रंगवून सांगितला. मुलं हसली.

"मग काका, त्यांनी नंतर काम केलं?" त्या बाईनं विचारलं.

"नाही."

"ओके," एवढंच म्हणून ती मुलांकडे वळली. त्यानंतर तो किस्सा मला कुणाला सांगता आला नाही.

नाटकातली माझी बायको आता धायरीला मुलाकडे राहते. परवा गेलो. ती खुर्ची फिरवून, उजवा कान माझ्याकडे करून बसली आणि मटार सोलू लागली. मी सगळं सांगितलं. पाऊल, रेघ, चप्पल. तिचे हात थांबले नाहीत. पूर्वी मला अरेतुरे करायची. आता म्हणाली,

"लग्नानंतर वर्षभर मी स्वयंपाकघरात रेघ आखायचे. हे ऑफिसला गेले, की. टाच ठेवायची, मागे सरकायचं, बघायचं. एकदाही पाय पडला नाही. तरी वाटायचं, त्या दिवशी पडला असेल. तुम्ही कशाला खोटं बोलाल?"

"या वेळी स्मरणिकेत खरं लिहितो," मी म्हणालो.

"लिहा की. आपल्यातले किती उरलेत वाचायला?"

"छापायच्या आधी तुला वाचून दाखवू?"

तिनं मटारचं ताट उचललं, खुर्ची पुन्हा फिरवली आणि डावा कान माझ्याकडे करून शेंगा सोलत राहिली. थोड्या वेळानं मी "येतो" म्हणालो. मग आणखी एकदा म्हणालो.