पदरात पडलेला पलो

सभाईचं पोट हा आमच्या घाटावरचा फार जुना चर्चेचा विषय. हे मी तिच्या माघारी बोलत नाही. तिच्या तोंडावर बोलायचो आणि ती उलट ऐकवायची, "दौलू, तुझ्याच भज्यांनी वाढलंय ते. आता वर नावं ठेवू नकोस." माझं भज्यांचं दुकान घाटाच्या पायऱ्यांना लागून होतं. त्यामुळे दर्यावर, म्हणजे आमच्या सिंधू नदीवर, काय घडतं ते मला आधी दिसायचं आणि गल्लीत काय घडतं ते मला आधी कळायचं. काही गोष्टी घडण्याआधीच कळायच्या, असं माझी बायको म्हणे. ती सगळ्यांच्याच तोंडी लागायची, तिचं काय घेऊन बसलात!

तर पोट. ते पोट नसतं तर सभाई आज वाळवंटात उंट हाकत असती आणि आमच्या दर्यादेवाची, लाल साईंची, नाव एका काडीपैलवानाच्या हाती गेली असती.

ती बाचल मोहाण्याची एकुलती एक लेक. मोहाणे म्हणजे सिंधूवरचे कोळी. नावेतच जन्मतात, नावेतच संसार करतात. सभाईला जमिनीवर फार वेळ उभं राहिलं की चक्कर येते, असं ती सांगायची. आणि अशा बाईनं नवरा कुठला केला? थरच्या वाळूतला. लाधो त्याचं नाव. बिचारा देवमाणूस, पण नाव जरा हलली की दोन्ही हातांनी डोलकाठीला मिठी मारायचा. आम्ही म्हणायचो, "लाधो, बायकोला तरी इतकी घट्ट धरतोस का?" तो हिरवा व्हायचा, लाजेनं की मळमळीनं, ते कधी कळलं नाही.

सभाई गल्लोगल्ली मासे विकायची. तिची हाक पलीकडच्या तीराला ऐकू जाई. आमच्या हिंदू घरांतल्या बायका चालिह्याच्या उपवासाचे चाळीस दिवस मासळीला शिवत नाहीत, म्हणून तेवढे दिवस ही टोपलीत कमळकाकड्या घेऊन यायची. विचारलं तर म्हणायची, "साहेबाचा उपवास चालू असताना त्याच्या घोड्यांना कसं मारायचं?" घोडा म्हणजे पलो मासा. लाल साईं पलोवर बसतो, हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. दरवर्षी पलो समुद्रातून वर चढतो तो त्याच्याच सलामीला. येतो काळवंडलेला, आणि ठाण्याला, म्हणजे साईंच्या काठावरच्या स्थानाला, फेरी घातली की चांदीसारखा होतो. तुम्हाला पटत नसेल तर नका पटवून घेऊ. पलोला तुमची गरज नाही.

आता हे ठाणं. खोली एक, दिवा एक, सांभाळणारे दोन. आमचा पुजारी ठकुर वरियल त्या दिव्याला उडेरोलाल म्हणे आणि मुजावर शेख सुमार जिंदह पीर म्हणे; साईं एकच, नावं दोन. मी ज्याच्याकडे भज्यांची उधारी कमी असेल त्याच्यासारखं म्हणे. दोघांचं कशावर म्हणून पटायचं नाही. दार लाल रंगवायचं की हिरवं, यावरून एवढी वादावादी झाली की शेवटी एक फळी लाल झाली आणि एक हिरवी. संध्याकाळी मात्र दोघं त्याच दाराशी सोंगट्या मांडून बसायचे आणि एकमेकांना लबाड म्हणायचे. त्या बाबतीत दोघांचंही खरं होतं.

त्या ठाण्याची एक रीत होती. हंगामातला पहिला पलो खायचा नाही, विकायचा नाही. जिवंत आणायचा, दिव्याचं दर्शन घडवायचं आणि परत सोडायचा. टोपलीतून किंवा जाळ्यातून आणायचा नाही. आणायचा तो आपल्या अंगावरच्या कापडाच्या पदरात, जसं मागणं मागताना पदर पसरतो तसा. आणि जो आणेल त्यानं चेटीचंडाला, आमच्या वर्षप्रतिपदेला, लालाची ज्योत मधल्या धारेपर्यंत न्यायची. म्हणच होती, 'ज्याच्या पदरात पलो, त्याच्या हाती सुकाणू.' बाचलनं हे सुकाणू जन्मभर दुसऱ्याच्या हाती जाऊ दिलं नाही. ज्योत जायची ती त्याच्याच नावेतून. हळूहळू लोकांनी ती नाव आणि ते सुकाणू एकच धरलं.

त्या हिवाळ्यात बाचल गेला. मातीला ठकुरही गेला, शेखही गेला, आणि येताना रस्ताभर दोघं भांडत आले की बाचल जास्त कुणाचा.

अजून दुखवट्याची भाकरी सरली नव्हती तोच त्याचा धाकटा भाऊ कांडेरो नावेवर आला. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. अंगानं एवढा वाळका, की उन्हात उभा राहिला तर सावलीनं त्याची कीव करावी.

"पोरी," तो म्हणाला, "सुकाणू आता माझ्याकडे येणार. सुकाणू ज्याचं त्याची नाव. तू आपली नवऱ्याच्या गावी जा."

"नवऱ्याच्या गावी पाणी बादलीत भेटतं, काका."

"मग बादलीत पोह."

एवढं बोलून त्यानं बाचलचं जाळं आणि मटका उचलला आणि गेला. हा मटका म्हणजे पाण्याचा माठ नव्हे. मोहाणे पलो धरतात तो भल्यामोठ्या मातीच्या मटक्यावर पालथं पडून. तोंडाशी पोट घट्ट टेकवायचं, पायांनी पाणी मारत धारेत जायचं, काठीला बांधलेलं जाळं खोल सोडायचं, आणि मासा लागला की पोट जरासं उचलून आत सरकवायचा. पोट नीट बसलं नाही तर मटक्यात पाणी शिरतं आणि कोळी माशाला भेटायला खाली जातो.

सभाई रडली असेल, पण आम्हाला दिसलं ते एवढंच की ती तरातरा ठाण्याच्या दाराशी गेली. सोंगट्यांचा डाव ऐन रंगात होता.

"साईं, म्हणीत पदर कुणाचा ते सांगितलंय का? बाप्याचा की बाईचा?"

ठकुरानं शेखकडे पाहिलं. शेखनं दाढी कुरवाळली. "पदर म्हटलंय," तो म्हणाला, "मिशी म्हटलेली नाही."

"खरं पाहता," ठकुर म्हणाला, "पदर बाईलाच असतो. बाप्याच्या खांद्यावर असतं ते फडकं."

दोघं एकमेकांशी सहमत झाले हे त्यांच्या ध्यानात आलं तेव्हा दोघांनाही इतकं अवघडल्यासारखं झालं, की त्यांनी डावच मोडला.

परवानगी मिळाली, पण मटका कुठे होता? कुंभाराला कांडेरोनं आधीच दम भरलेला. तेव्हा ठकुराची बायको जेठी पुढे आली. तिच्याकडे कैरीच्या लोणच्याचा एक मटका होता, अख्ख्या गल्लीला वर्षभर पुरेल एवढा. तिनं लोणचं शेजारणींच्या बरण्यांत वाटलं आणि मटका घासून सभाईच्या पुढ्यात ठेवला.

"वास काही जायचा नाही, गं," जेठी म्हणाली.

"असू दे. पलोलाही तोंडी लावायला काही हवंच."

जाळं मात्र कुणाकडे उसनं मिळेना. कोळी आपलं जाळं देत नाही, जसा न्हावी आपला वस्तरा देत नाही. सभाईनं लाधोला दुबेळक्याची एक फांदी तोडायला लावली आणि तिला आपली मलमलीची ओढणी शिवली.

बातमी फुटली. म्हणजे, मी फोडली. कांडेरो माझ्या दुकानाशी येऊन ओरडला, "बाईमाणूस मटक्यावर पालथं पडणार? लोक काय म्हणतील?"

सभाई तिथंच भजी खात उभी होती. "लोक म्हणजे दौलूच ना? तो काहीतरी म्हणणारच. त्यापेक्षा आपल्या पोटाचं बघा, काका. मटक्याचं तोंड झाकायला ते पुरेल ना?"

आणि मग पलो आला. मोहाण्यांना तो पाण्याच्या रंगावरून कळतो. मला मोहाण्यांच्या रंगावरून कळला. सकाळी दर्यावर मटकेच मटके, आणि घाटावर सगळा गाव. कांडेरो सर्वांत वर, जिथे धार पहिली वळते तिथे. सभाई पाण्यात शिरली तेव्हा चार टवाळ हसले. मग ती मटक्यावर पालथी पडली. काय सांगू! बाटलीला बूच बसावं तसं ते पोट त्या तोंडावर बसलं. मटका लाटेवर असा डुलत निघाला जसा काही तो लोणच्यासाठी नव्हे, याचसाठी घडवला होता. लाधो पायरीवर डोळे मिटून बसला होता आणि दर घटकेला मला विचारत होता, "वर आहे ना?"

ऊन चढलं. कांडेरोच्या जाळ्याला झटका बसला. आम्ही सगळ्यांनी पाहिलं: पलोच होता. त्यानं तो मटक्यात सरकवलाही. आता मोहाण्याची रीत अशी, की पहिला पलो लागला की आधी साईंचं नाव घ्यायचं, मग दुसरं काही. पण कांडेरोच्या पोटात नाव नव्हतं, नुसतं हसू होतं. तो मटक्यावर कोपर टेकून उठला आणि खाली सभाईकडे बघून ओरडला, "पोरी, बोचकं बांध! उंट आणायला सांग!"

नाव घ्यायला पोट उचलावं लागत नाही. टोमणा मारायला लागतं. मूळचंच पोट बेताचं, त्यात ते उचललेलं. मटक्यानं एक घोट घेतला, दुसरा घेतला, आणि गुडूप झाला. आणि बाचलच्या जाळ्यानं बाचलच्या भावाचे पाय घट्ट धरले.

सभाई खालच्या अंगाला होती. तिनं पाय मारले, धारेला आडवी गेली, आणि तेवढ्यात तिच्या काठीला हिसका बसला. तिनं ओढणी वर घेतली, फांदीवरून टाके तोडले, मासा पदरात गुंडाळून छातीशी धरला आणि ओरडली, "लाल साईं! बेडा पार!" ती हाक पलीकडच्या तीरावरच्या म्हशींनीही ऐकली असणार. मग तिनं दुसरा हात लांब करून काकाची मानगूट पकडली आणि त्याचे हात आपल्या मटक्यावर ठेवले.

"घट्ट धरा, काका. पण आत वाकू नका, लोणचं नासेल."

घाटाला ते असे लागले: सभाईच्या पदरात पलो, आणि मागे मटक्याला लोंबकळलेला कांडेरो, पायांत जाळं, दाढीत शेवाळ. आम्ही हसून हसून पायऱ्यांवर आडवे झालो. पण कांडेरो जमिनीला पाय लागताच उभा राहिला.

"मासा माझा! माझ्या मटक्यातून सुटलेला आहे! सगळ्यांनी पाहिलंय!"

हसू थांबलं, कारण पाहिलं होतं खरं. तोच मासा की दुसरा, कोण सांगणार? माशानं काही शपथ घेतली नव्हती. सभाईनं पदर आणखी घट्ट धरला. तिचा चेहरा प्रथमच पडलेला मी पाहिला. नाव मागे बांधलेली होती आणि तिच्या पुढे वाळू होती.

ठकुर आणि शेख दारातून उठून आले.

"तुझ्या मटक्यात होता?" शेखनं विचारलं.

"होता!"

"मग पदरात नव्हता?" ठकुरानं विचारलं.

शेखनं ठकुराकडे मान वळवली.

"म्हण काय आहे, ठकुर?"

"ज्याच्या पदरात पलो. मटक्यात असं मी तरी ऐकलेलं नाही. तुमच्या पीराच्या बाजूला काही वेगळं सांगतात का?"

"आमच्याही बाजूला पदरच," शेख म्हणाला, आणि कांडेरोकडे वळला. "बाबा, साईंनी तुझ्या मटक्यातला काढून हिच्या पदरात घातला असेल, तर तक्रार आमच्याकडे का करतोस? दर्या समोर आहे. त्याला सांग."

मागून जेठी म्हणाली, "पदरी पडलं आणि पवित्र झालं," आणि अख्खा घाट हसत सुटला. ढोलवाल्यानं ढोलावर थाप मारली. एका बाजूनं ठकुरानं दिवा धरला, दुसऱ्या बाजूनं शेखनं, आणि सभाईनं गुडघाभर पाण्यात उभं राहून पदर उघडला. पलोनं दिव्याकडे एकदा पाहिलं आणि शेपूट मारून गेला. जाताना चांदीसारखा झाला होता. मी दुकानातून पाहिलं. माझ्यावर कुणी विश्वास ठेवत नाही, पण पाहिलं.

चेटीचंडाला नाव फुलांनी मढवली. मधोमध ताटात कणकेचा दिवा, भोवती आमची गल्ली आणि मोहाण्यांची वस्ती, इतकी दाटी की डास शिरला असता तर बुडालो असतो. सुकाणूवर सभाई, त्याच ओढणीला नवे काठ लावलेले. कांडेरो काठावर तोंड पाडून उभा होता. तिनं त्याला हाक मारली.

"काका, पुढे या, दिवा धरा. तुमच्या वजनानं काही नाव बुडायची नाही."

तो आला. कुरकुरत आला, पण आला. लाधो डोलकाठीला मिठी मारून होता. मधल्या धारेत सभाईनं सुकाणू मांडीखाली दाबून दोन्ही हातांनी पदर पसरला, तसे नावेतल्या सगळ्या बायकांनी पसरले. पुरुषांनी खांद्यावरची फडकी पसरली. तिनं हाक दिली आणि आम्ही उत्तर दिलं. पाण्यावरून ते उत्तर परत आलं तेव्हा कुठला आवाज कुणाचा, ते ठकुरालाही सांगता आलं नसतं आणि शेखलाही.

पुढे दरवर्षी पहिला पलो तिच्याच पदरात पडला. मग खाली कोटरीला धरण झालं, पलो तिकडेच अडला, आमच्यापर्यंत येईना. तोवर फाळणी होऊन गल्लीतली बरीच घरं सीमेपार गेली होती. जेठी जाताना मटका सभाईलाच देऊन गेली. नवा पलो येणं बंद झालं, म्हणजे सुकाणू मागायलाही कुणाला तोंड उरलं नाही. शेवटचा ज्याच्या पदरात पडला त्याचंच ते कायमचं.

कांडेरो म्हातारपणी माझ्या दुकानाशी बसून भजी चघळत सगळ्यांना सांगायचा, "ते धरण ना, आमच्या सभाईनंच बांधून घेतलं." आणि नावेतून, सुकाणूशेजारून, तिचं पोट धरून हसणं ऐकू यायचं.