लांगऱ्याचे माकरो

माझं लग्न झालं आणि पाचव्या महिन्यात हे फौजेत गेले. शिरवळपासून कोसभरावर आमचं गाव. तिथं घरटी एक माणूस पलटणीत असायचाच, त्यामुळे माझ्यावर काही वेगळा प्रसंग आला असं कुणाला वाटलं नाही. सासूबाई माझ्या लग्नाआधीच वारलेल्या. घरात मी आणि मामंजी, म्हणजे माझे सासरे, दोघंच. मामंजी स्वतः पहिल्या महायुद्धात बसऱ्याला जाऊन आलेले. डाव्या दंडावर गोळीची खूण होती, ती ते पाव्हण्यांना बाही वर करून दाखवायचे.

यांची पत्रं यायची ती दोन ओळींची. खुशाल आहे, काळजी नसावी. वाईला मुलींच्या शाळेत चार यत्ता झाल्या होत्या माझ्या, म्हणून पत्र मीच वाचून दाखवायचे. मामंजी ते ऐकून चावडीवर जायचे आणि तिथं पत्र लांबत जायचं. "आमचा मशीनगनीवर हाय. साहेब त्याच्याबिगर मोर्चा हलवत न्हाई." मला माहीत होतं की पत्रात तसं काही नाही. पण चार वर्षं एकुलता मुलगा दूर असलेल्या माणसाला त्यावरून काय टोकायचं?

लढाई संपल्यावर हे परत आले. अंगानं भरले होते, बोलणं मात्र कमी झालं होतं. चावडीवर लोक विचारायचे, "गोळ्या किती झाडल्या गड्या?" हे नुसते हसायचे आणि उठून जायचे. मामंजी म्हणायचे, "लय बघितलेला माणूस असाच गप होतो."

त्या वर्षी दिवाळीच्या सुमारास मला दिवस राहिले आणि पोटात काही ठरेना. भाकरीचा वास आला तरी मी परसात पळायचे. एक दिवस मामंजी मळ्यात गेलेले असताना हे चुलीपाशी येऊन उभे राहिले.

"मी करू का काहीतरी?"

"तुमी?" मला हसूच आलं.

हे पाट ओढून बसले आणि कांदा चिरायला घेतला. माझं हसू जागीच राहिलं. विळीला न शिवता साध्या सुरीनं, न बघता, केसासारखा बारीक कांदा पडत होता. असा हात चार-आठ दिवसांत बसत नाही.

"आवं, कुठं शिकला हे?"

"चार वर्सं हेच केलं," खाली मान घालूनच ते म्हणाले. "मी लांगरी होतो."

लांगरी म्हणजे पलटणीचा स्वयंपाकी. भरतीच्या वेळी यांना बंदूक मिळालीच नव्हती, कढई मिळाली होती. ते घरी कसं कळवावं हे त्यांना सुचलं नाही, आणि एकदा नाही कळवलं ते नाहीच. "आबांना सांगू नगंस," एवढंच म्हणाले. मी मान डोलावली.

त्यानंतर मामंजी बाहेर गेले की चूल यांची आणि पाट माझा. त्यातच मला बैरूतची म्हातारी कळली. इटलीला जायच्या आधी यांची तुकडी वर्षभर बैरूतला होती. साहेब लोक ज्या घरात उतरले होते ते एका फ्रेंच म्हातारीचं. यांना तिची भाषा येत नव्हती आणि तिला यांची. ती यांचा हात धरून परातीत फिरवायची, चुकलं की मनगटावर चमचा हाणायची. तिनं यांना बदामाची एक मिठाई शिकवली. नाव माकरो.

"त्ये तुझ्या पोटात ठरंल," हे म्हणाले. "हलकं असतं."

ट्रंकेच्या तळाशी कोकोचा एक डबा होता, झाकणावर मेणबत्ती ओघळून बंद केलेला. बदाम माझ्या आईनं वाईहून बाळंतपणासाठी पाठवले होते. साखर रेशनची. आधी यांनी साखर वाचवायला दोन-चारच गुळावर करून बघितले, तर तव्यावर काळा चिखल पसरला. मग महिनाभर आम्ही चहा गुळाचा प्यायलो आणि साखर साठवली.

बदाम भिजवून सोलले, दोन दिवस उन्हात खडखडीत वाळवले. मी ते खलबत्त्यात कुटायचे आणि हे मलमलीतून चाळायचे. साखरही तशीच पिठासारखी केली. अंड्यांतला पांढरा बलक काढून रात्रभर ठेवला, मग बांबूच्या काड्यांची जुडी करून हे तो घुसळायला बसले. बघता बघता पातेलं साबणाच्या फेसासारखं भरलं. यांनी ते उचललं आणि माझ्या डोक्यावर पालथं धरलं.

"आवं!" मी ओरडले. पण थेंबसुद्धा पडला नाही. हे इतके मोकळे हसले की परत आल्यापासून मी यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं.

त्या फेसात बदाम, साखर आणि कोको अगदी हलक्या हातानं कालवला. कापडाची पुरचुंडी करून टोकाला भोक पाडलं आणि तूप लावलेल्या कागदावर रुपयाएवढे ठिपके घातले. ते तासभर तसेच ठेवायचे, वर बोट लावलं तर चिकटता कामा नये. मग जाड बुडाच्या पातेल्यात वाळू तापवून त्यात ताटली ठेवायची आणि वरच्या झाकणावर निखारे.

साखरेचे पहिले सगळे तडकले. निखारे जास्त झाले होते. दुसऱ्या वेळी मी चुलीला जोडलेल्या वैलावर आमटी उकळत ठेवली, तिच्या वाफेनं ठिपके वाळलेच नाहीत. मला रडू आलं, आईचे बदाम गेले म्हणून. हे म्हणाले, "म्हातारीनं माझे सहा घाणे उकिरड्यावर टाकले हुते. आपले दोनच गेले."

तिसरा घाणा निघाला तेव्हा यांनी झाकण सांडशीनं बाजूला केलं आणि हातानं खूण करून मला जवळ बोलावलं. तपकिरी, गुळगुळीत, आणि खाली प्रत्येकाला परकराच्या झालरीसारखी बारीक झालर. तरी निम्मे वरून फुटलेलेच होते. दूध आटवून त्यात कोको आणि लोणी घोटून केलेला लगदा मध्ये घातला आणि दोन-दोन जोडले. मी एक तोंडात टाकला. वरचं कवच कुरकुरून मोडलं आणि आतलं जिभेवर विरघळलं. गोडाच्या मागून एक कडसर चव आली, ती आधी मला आवडली नाही आणि मग आवडली. मी तीन खाल्ले. ते पोटात राहिले.

नेमके त्याच वेळी मामंजी मळ्यातून लवकर आले आणि बरोबर जवळच्या खंडाळ्याचे एक पेन्शनर सुभेदार. यांच्या तोंडून लढाई ऐकायला मामंजींनी त्यांना मुद्दाम आणलं होतं. हे चुलीपुढं, हाताला कोको लागलेला. मी पदर सावरून आत सरले. सुभेदारांनी ताटलीतला एक उचलून खाल्ला, डोळे मिटले.

"हे साहेबाच्या मेसमधलं खाणं हाय. आमी लांबनं बघायचो." मग यांच्याकडं वळून सरळ विचारलं, "लांगरी हुतास व्हय रं?"

यांनी मामंजींकडं पाहिलं. "व्हय," म्हणाले. "चारी वर्सं."

सुभेदारांच्या मनात वाईट काही नव्हतं. "झ्याक हात हाय," असंच म्हणाले ते. पण मामंजींनी खांद्यावरचं कांबळं पुन्हा अंगावर घेतलं आणि आल्या पावली मळ्यात निघून गेले.

त्यानंतर ते यांच्याशी बोलले नाहीत. ताटावर बसले की मला विचारायचे, "कुणी केलंय?" मी म्हणायचे, "मीच." मग जेवायचे. चावडीवर जाणं त्यांनी सोडलं, कारण बातमी त्यांच्या आधी तिथं पोचली होती. यांना तर लोक रस्त्यात हाक मारायचे, "लांगरी, मीठ पुरतंय का?" हे मान खाली घालून पुढं जायचे. मला मामंजींचा राग यायचा, आणि सोप्यात एकटेच दोर वळत बसलेले पाहिले की कीवही यायची.

अकराव्या दिवशी दुपारी एक बाई दारात आली. पायभर धूळ. खंडाळ्याच्या पलीकडच्या एका वाडीवरून चालत आली होती. नवरा कधीच वारलेला, एकुलता मुलगा इटलीत पडला होता.

"लांगरी इथंच राहतात न्हवं?" तिनं विचारलं.

मला वाटलं, ही पण आली चेष्टा करायला. पण यांना पाहून तिनं हात जोडले. "तुमच्या पलटणीत माझा पोरगा हुता. पत्र आलं, पैकं आलं, पर त्याच्याविषयी सांगाय कुणी आलं न्हाई. लोक म्हनले, तुमी समद्यांस्नी जेवाय वाढायचा. तवा तुमी त्याला बघितला असंल."

तिनं मुलाचं नाव सांगितलं. हे उंबऱ्यापर्यंत पुढं आले. मग म्हणाले, "डावरा हुता न्हवं?"

बाई तिथंच दारात बसली. "व्हय, व्हय. डाव्या हातानं जेवायचा. लय मारला मी त्यापायी."

"पंगतीत त्याला समदे हसायचे. म्हनून त्यो कडंला, माझ्या पातेल्याशेजारी बसायचा. चपातीपरास भाकरी मागायचा. तिथं कुठली भाकरी? एकदा मक्याचं पीठ घावलं तवा त्याला एकट्याला थापून दिली."

"त्या दिवशी..." ती अडखळली. "त्या दिवशी जेवला हुता का त्यो?"

"सकाळी जेवला. वाटाण्याची उसळ, तीन चपात्या, च्या. आनि एक चपाती खिशात घातली."

"पोटभर?"

"पोटभर, मावशी. मीच वाढलं."

ती रडली नाही. पदरानं तोंड पुसलं आणि 'पोटभर' हा शब्द दोन-तीनदा स्वतःशीच म्हणाली.

यांनी आतून डबा आणला. त्यात फुटके माकरो उरले होते. "ह्यो खाऊ साहेबांसाठी करायचो. फुटलेले साहेब घेत न्हवते, ते मी आपल्या पोरांत वाटायचो. तुमच्या पोरानं खाल्लेत. त्याला आवडायचे न्हाईत, कडू लागतात म्हनायचा."

बाईनं एक तोंडात धरला. दात फारसे नव्हतेच. "कडूच हाय," ती म्हणाली, आणि तेव्हा मात्र तिचे डोळे भरून आले.

मामंजी सोप्यात बसून सगळं ऐकत होते. हातातला दोर कधीचा थांबला होता. ते उठले आणि मला म्हणाले, "सूनबाई, ह्या बाईस्नी जेवल्याबिगर सोडायचं न्हाई." मग अकरा दिवसांत पहिल्यांदाच यांच्याकडं बघून बोलले, "स्वयंपाक तू कर. आनि वाढ बी तूच."

यांनी भाकरी थापल्या, पिठलं केलं. मामंजी बाईच्या समोर पाट घेऊन बसले. दोन घास झाल्यावर म्हणाले, "बसऱ्याला आमचा लांगरी तापानं मेला. तीन दिस आमी भिजल्यालं पीठ चाटून काढलं. लय आठवण काढली त्याची." भाकरीचा तुकडा मोडत म्हणाले, "पर त्याचं नाव काय हुतं, आज आठवंना झालंय." मग ताट पुढं सरकवलं. "अजून घाल."

सूर्य कलल्यावर हे त्या बाईला वाडीपर्यंत सोडायला गेले.

आषाढात मला मुलगी झाली. कोकोचा डबा तिच्या बारशाला संपला, आणि त्यानंतर माकरो आमच्या घरी झाले नाहीत. पुढं यांनी शिरवळला रस्त्याकडेला खानावळ घातली. मामंजी रोज सकाळी तिथं जाऊन भाजी निवडत बसायचे. बाजाराच्या दिवशी ती बाई यायची. हे तिला पंगतीत बसवत नसत, आत चुलीपाशी पाट मांडत आणि गरम भाकरी तव्यावरून थेट ताटात टाकत. पाच-सहा वर्षं ती येत राहिली. मग एका बाजाराला आली नाही. दोन दिवसांनी तिचा पुतण्या सांगायला आला. तिच्या तेराव्याचा स्वयंपाक यांनी केला. आदल्या दिवशीच भांडी घेऊन वाडीवर गेले होते, आणि तिच्या नावाचं पहिलं ताट स्वतःच्या हातानं वाढून मगच परतले.