आजोबांच्या नडगीतली गोळी

बाळांनो, काल फोनवर तुम्ही विचारलंत, युद्धात आजोबांच्या पायाला किती गोळ्या लागल्या. शाळेसाठी निबंध लिहायचाय. निबंध बाईंच्या हाती देण्याआधी हे वाचा. एकही नाही.

आता क्रमाने सांगते. आपल्या सैन्याचे पहिले भारतीय प्रमुख चौदा जानेवारीला निवृत्त झाले, म्हणून तो दिवस माजी सैनिकांचा. बहुतेक वर्षी त्याच दिवशी संक्रांत. त्यामुळे आमच्या किन्हीराजा गावात सत्काराच्या हाराआधी तिळाचा लाडू हातात पडतो. पहिल्या वर्षी लाडू मी केले होते. पाक जरा पुढे गेला होता, हे मान्य. आजोबांनी लाडू तोंडात टाकला आणि तेवढ्यात गावच्या शाळेतल्या गुरुजींनी त्यांच्या नडगीवरचा वण पाहून माईकवर विचारलं, "गोळीच ना, हवालदारसाहेब?" आजोबांचे दात चिकटलेले. त्यांनी नुसती मान हलवली. उभी की आडवी, यावर आमच्यात अजून वाद आहे.

पुढे गुरुजींच्या भाषणात दरवर्षी एक गोळी वाढली. तिसऱ्या वर्षी ग्रामपंचायतीने पाटीच रंगवायला दिली: 'तीन गोळ्या झेलणारे वीर'. आजोबांना जेवण जाईना. खोटं पाटीवर जाऊ द्यायचं नव्हतं. आणि खरं सांगितलं तर गाव हसेल, पुन्हा बोलावणार नाही, ही धास्ती. मी म्हटलं, "सांगून टाका की." तर म्हणाले, "तुले काय जाते? तू मांगं बसते."

पण सत्काराच्या दिवशी त्यांनी माईक हातात घेतलाच.

"मंडळी, मले गोळी नाही लागली. खेचरानं लाथ मारली. पहाडावर आमच्या जवानाइचं रेशन खेचरावर जाये. मी खेचरं हाकत होतो."

मग शेजारच्या काकू मागून ओरडल्या, "मंग तीन वर्स काहून नाही बोलले, भाऊ?"

"तोंडात लाडू होता."

"तीन वर्स?"

सगळा मांडव माझ्याकडे वळला. मी पदर सारखा केला.

एवढ्यात आमचे शिंपी चाचा उठले आणि पायजमा गुडघ्यापर्यंत वर केला. "हवालदारसाब, मले म्हशीनं दोनदा लाथ मारली. माहा सत्कार कवा करता?" मग काय, रांगेरांगेतून नडग्या बाहेर आल्या. कोणाला बैलाने, कोणाला गाईने. शेवटी गुरुजींनीही पँट दुमडली. बोकड.

पाटी रंगवायला आलेला रंगारी ब्रश घेऊन तिथंच उभा. "आता पाटीवर काय लिहू? लाथ?"

आजोबा म्हणाले, "त्या बर्फात आमचा एकबी जवान उपाशी नाही राह्यला. तेवढं लिही."

त्याने तेवढंच लिहिलं. तुम्हीही निबंधात तेवढंच लिहा.

चौदा जानेवारीचा सत्कार गावात अजून होतो, आणि आजोबांना अजून बोलावतात.